वेळ कुठं जातोय ते बघू

माझा चहा उकळताना हातात घड्याळ धरून गॅसपाशी उभा राहिलेला माणूस मी सगळ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो आमच्या माडीवर भाड्यानं राहतो. नाव सुहास. वय चाळिशीच्या आसपास. अंगानं काटकुळा, आणि केस असे की भर दुपारीसुद्धा आत्ताच झोपेतनं उठून आलाय असं वाटावं.

राहायला आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी त्याला म्हटलं, "साहेब, चहा घेता का?" तो हो म्हणाला आणि थेट स्वयंपाकघरात आला. मी आधण ठेवलं, आतल्या खोलीत जाऊन साखर आणली, चहा गाळला. तो सगळं बघत होता. कप हातात घेतल्यावर म्हणाला, "आबा, तुमचा गॅस चांगला आहे. चहाला उशीर उकळण्यामुळं होत नाही. साखरेचा डबा आतल्या खोलीत आहे, त्यात वेळ जातोय. डबा इथं ओट्यावर ठेवा."

मी म्हटलं, "तो तितंच ऱ्हाणार."

"का?"

"हौसानं तितं ठेवलाय."

हौसा माझी बायको. ती जाऊन तेव्हा वर्ष व्हायचं होतं. ओट्यावर मुंग्या लागतात म्हणून ती डबा आतल्या फळीवर ठेवायची. आता मुंग्या लागतात की नाही मला माहीत नाही, मी कधी बघितलं नाही. सुहासनं एकदा डब्याच्या दिशेनं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि गप चहा प्यायला. तेव्हाच मला वाटलं होतं, माणूस येडा आहे, पण सगळा येडा नाही.

आमचं गाव बेडसे. वर डोंगरात लेणी, खाली आमची भाताची खाचरं. दिवाळीच्या सुमाराला इंद्रायणी भात पिकायला लागतो तेव्हा सकाळी धुकं पार अंगणात उतरतं. आंब्याचं झाड दिसत नाही, नुसती त्याची टपटप ऐकू येते. धुक्याला भाताचा वास लागलेला असतो. अशा धुक्यात हा माडीच्या गॅलरीत मांडीवर कॉम्प्युटर घेऊन बसायचा. खालनं फक्त त्याचे पाय दिसायचे. वरचा माणूस ढगात.

काय काम करतो विचारलं तर म्हणाला, "बिझनेस इंटेलिजन्स अॅनालिस्ट." हे तीन शब्द पाठ व्हायला मला अख्खा पावसाळा लागला. मी चौथीत शाळा सोडली, पुढं लोणावळ्याच्या एका हॉटेलात माळीकाम केलं. इंग्रजीचा आणि माझा संबंध फुलांच्या नावांपुरता. म्हटलं, "साहेब, सरळ सांगा. करता काय?"

मग त्यानं सरळ सांगितलं. पुण्यात एक दूध-दह्याची कंपनी. गावोगाव तिची दुकानं. कुठल्या दुकानात काय खपलं, काय नासलं, काय परत आलं, हे वरच्या साहेबांना रोज सकाळी एका पडद्यावर बघायचं असतं. मला त्यानं तो पडदा दाखवला. काही उंच खांब, काही बुटके खांब, आणि शेजारी एक गोल भाकरी, तिचे रंगीत तुकडे केलेले. त्याला रिपोर्ट म्हणतात.

"चांगलं हाय की," मी म्हटलं. "मग अडलंय कुटं?"

"उघडत नव्हता, आबा. साहेब बटण दाबायचे, चहा पिऊन यायचे, तरी पडद्यावर आपलं चाक फिरतंय. कंपनीनं मला कामाला ठेवलं ते हा रिपोर्ट लवकर उघडावा म्हणून."

"मग काय केलं?"

तेव्हा त्यानं ते वाक्य म्हटलं. ते तो दिवसातनं इतक्यांदा म्हणतो की गावातली पोरं आता त्याच्या चालीत म्हणतात. मान जरा तिरकी करायची, डोळे बारीक करायचे, आणि हळूच, एखादं पाखरू उडू नये म्हणून बोलावं तसं म्हणायचं, "वेळ कुठं जातोय ते बघू."

तर वेळ जात होता असा. साहेबानं कालची विक्री विचारली की ते यंत्र पार जुन्या सालापासूनच्या सगळ्या पावत्या उपसायचं, बेरजा करायचं, मग कालचा आकडा द्यायचं. दर साहेबाला, दर वेळी, पहिल्यापासनं. सुहासनं काय केलं, तर लोक उठायच्या आधी पहाटेच बेरजा करून ठेवायची सोय लावली. साहेबानं बटण दाबलं की तयार उत्तर.

मी म्हटलं, "म्हंजे भाजणी."

"काय?"

"भाजणी ओ. पाव्हणा पाटावर बसल्यावर कोण धान्य भाजत बसतं व्हय? आमची हौसा आधीच भाजून दळून डबा भरून ठेवायची. पाव्हणा आला की निस्तं पीठ भिजवायचं, थालीपीठ तव्यावर."

हा माणूस उठून उभा राहिला. कॉम्प्युटर मांडीवरनं पडता पडता वाचला. "आबा, मी हेच कंपनीत दोन महिने समजावतोय! कुणाला कळत नव्हतं!" आणि त्याच दुपारी मीटिंगमध्ये, इंग्रजीतनं बोलता बोलता, त्यानं भाजणी सांगितली. मी खाली अंगणात होतो, मला नुसतं 'भाजणी, भाजणी' ऐकू येत होतं. तेव्हापासनं त्या कंपनीतले सुटाबुटातले लोक सकाळी एकमेकांना विचारतात म्हणे, "भाजणी झाली का?" हौसाला हे सांगायला पाहिजे होतं. ती तोंडाला पदर लावून हसली असती आणि म्हणाली असती, त्यांना मीठ कुणी सांगितलं का?

कंपनीतलं काम कंपनीत ठेवावं, पण ह्याला ते जमत नाही. गणपतीच्या आरतीला उशीर का होतो ते त्यानं शोधलं. काडेपेटी दर वेळी नव्यानं हुडकतात. कामशेतची गाडी आमच्या फाट्यावर का रेंगाळते ते शोधलं. कंडक्टर उतरून एका म्हातारीची पाटी डोक्यावर देतो. "ह्यात काही करता येणार नाही," असं तो स्वतःशीच म्हणाला आणि पुढच्या वेळी स्वतःच पाटी द्यायला गेला. एकदा मला लेण्यात घेऊन गेला. आत कुणी नव्हतं. खांबांमधनं उजेड धुरासारखा येत होता. त्यानं एक टाळी वाजवली आणि घुमून परत येईपर्यंत डोळे मिटून उभा राहिला. मी म्हटलं, "काय हो, हितंबी वेळ कुटं जातोय बघताय का?" तर म्हणाला, "नाही आबा. इथं तो जातच नाही." असं काहीतरी बोलतो मधनंच. मी लक्ष देत नाही.

त्याची फजिती झाली ती गिरणीवर. गिरणी शांतारामची. बायका डबे घेऊन यायच्या आणि तास तास बसून राहायच्या. सुहासला ते बघवेना. तो गिरणीत जाऊन पिठानं पांढरा होईपर्यंत उभा राहिला. मग सांगितलं की दळायला वेळ लागतच नाही. गव्हानंतर तांदूळ, तांदळानंतर ज्वारी, परत गहू, असं आलं की शांताराम दर वेळी जातं झाडतो, त्यात वेळ जातो. उपाय सोपा. सकाळी तांदूळ, दुपारी गहू, सांजच्याला ज्वारी. शांतारामनं पाटी लावली. आणि खरंच, डबा ठेवायचा अवकाश की पीठ हातात.

आठवडाभर सगळ्या खूश. मग एक दिवस बघतो तर बायका सगळ्या एकदम आलेल्या, गहू, तांदूळ, ज्वारी, सगळं घेऊन. डबे ओळीनं मांडून कट्ट्यावर बसल्या. शांताराम म्हणाला, "मावशी, ज्वारी सांजच्याला. पाटी वाचली न्हाई का?"

पारूमावशी म्हणाली, "वाचली की. ती काढ. तुझ्या पिठासाठी यीत हुतो व्हय आमी?"

सुहास तिथंच उभा. मावशीनं त्याला बोलावून घेतलं. "हे बग बाबा, तू हुशार हायस. पर घरात सासू, श्येतात नवरा. बसायला ही एकच जागा हाय आमाला. ती बी काढून घेतलीस व्हय रं?"

तो पाटी स्वतः काढून घेऊन आला. तिन्हीसांजेला मला म्हणाला, "आबा, वेळ कुठं जातोय ते बघितलं. तो कुणाला हवा होता का, ते विचारायचं राहिलं."

"आता कळलं न्हवं? जेवा," मी म्हटलं.

पण ह्या घाईच्या माणसाची एक गोष्ट मला उलगडत नव्हती. रोज दिवेलागणीला तो गॅलरीच्या कोपऱ्यात उभा राहून फोन कानाला लावायचा, आणि बोलायचा नाही. नुसता उभा. डोंगर काळा व्हायचा, पवनेच्या बाजूला पाण्याची एक फिकट रेघ उरायची, गुरं घरी यायची, तरी हा तसाच. मधनंच "हं" म्हणायचा. मग परत गप. घड्याळ हातात असायचं पण त्याकडं बघायचा नाही.

शांताराम म्हणायचा, "ध्यान लावत असंल."

मी म्हणायचो, "बाईमाणूस बोलत असंल पलीकडनं. ह्याची टाप हाय का मधी बोलायची!"

आता माझ्या फोनचं सांगतो, कारण खरी गोष्ट तिथं आहे.

माझा फोन जुना. पोरीनं, मंगलनं, घेऊन दिलेला. ती सोमाटण्याला दिलेली आहे. त्या फोनमध्ये हौसाची एक फिल्म आहे, मंगलनंच काढलेली. फार काही नाही त्यात. आमचं दार दिसतं, मग हौसा पदराला हात पुसत बाहेर येते, फोनकडं बघून म्हणते, "आले की. काय घाई पडलीय?" आणि हसते. संपलं.

रोज सांजच्याला दिवा लावला की मी ओसरीवर बसून ती लावायचो. फोन जुना, त्यात लोकांनी सकाळ-संध्याकाळ पाठवलेली गुलाबाची फुलं आणि सुविचार ठासून भरलेले. त्यामुळं बटण दाबलं की पडदा काळा व्हायचा आणि मधोमध एक चाक फिरत राहायचं. फिरायचं, फिरायचं. मग एकदाचं दार दिसायचं.

दिवाळीला मंगल आली होती. तिनं ते चाक बघितलं आणि माडीकडं तोंड करून हाक मारली, "सुहासदादा, आमच्या आबांचा फोन लय हँग होतो. बघा की जरा."

तिला वाटलं बापाचं भलं करतेय. आणि ह्याला तर काय, अस्वलाला मधाचं पोळं सापडल्यासारखं झालं. मान तिरकी, डोळे बारीक. "वेळ कुठं जातोय ते बघू." फोन घेऊन वर गेला. दुसऱ्या दिवशी सांजच्याला जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरत आला. "आबा, सापडलं! सगळा कचरा काढला. आता दाबून बघा."

मी दाबलं. आणि हौसा समोर उभी.

अजून मी चष्मासुद्धा लावला नव्हता. काळा पडदा नाही, चाक नाही, दारसुद्धा नीट दिसलं नाही. "आले की, काय घाई पडलीय," म्हणाली आणि गेली. मी परत दाबलं. परत तसंच. आली, गेली.

सुहास उभा, शाबासकीची वाट बघत.

मी म्हटलं, "हे कुणी सांगितलं हुतं तुमाला?"

"आबा, ते हँग..."

"हुतं तर हुतं! तुमच्या दह्याचा रिपोर्ट हाय का हा? अहो, ती अशी कवाच आली न्हाई!"

आवाज माझा चढला. शेजारचं कुत्रं उठून बसलं. मंगल आतनं बाहेर आली. मी तिच्याकडं बघितलं नाही.

खरं सांगतो. हौसा जन्मात कधी वेळेवर बाहेर पडली नाही. लग्नाला जायचं असो, दवाखान्यात जायचं असो, मी कपडे करून अंगणात आंब्याखाली उभा आणि ती आत. "आले, आले," म्हणायची. मग बांगड्यांचा आवाज यायचा, पत्र्याच्या पेटीचं झाकण वाजायचं, परत "आले की" म्हणायची. फाट्यावरची गाडी निघून जायची, तिचा धूर मला हितनं दिसायचा. मी शिव्या घालायचो. पण आत ती आहे आणि ती येतेय, हे पक्कं असायचं. त्या चाकाचं तसंच होतं. ते फिरत असलं की मी चष्मा पुसायचो, टोपी सारखी करायचो, बसायची जागा जरा नीट करायचो. वाटायचं, पेटीचं झाकण लावतीय. येईल आता. फिल्म तेवढीशीच आहे हो. तिची वाट बघायला मिळायची ती त्या चाकात.

हे सगळं मी त्याला असं नीट सांगितलं नाही. "तुमाला काय कळतंय," एवढंच म्हटलं आणि तोंड फिरवून बसलो.

तो गेला नाही. ओसरीच्या पायरीवर बसला. मंगलनं आत जाऊन उगीच भांडी घासायला घेतली. अंगणात धुकं भरत होतं, आंबा अर्धा राहिला होता.

मग तो म्हणाला, "आबा, मी रोज संध्याकाळी फोन करतो ना, तो आईला. आई बहिणीकडं असते, संगमनेरला. तिला अर्धांगाचा झटका येऊन गेला. ऐकू येतं, कळतं सगळं, पण शब्द लवकर सापडत नाही तिला. 'जेवलास का' एवढं विचारायचं तरी 'जे' म्हणून थांबते. पुढचा शब्द हुडकत बसते."

"मग?"

"मला सवय अशी. एकदा मीच म्हणून टाकलं, जेवलो आई, वरण-भात. पुढचंही सांगून टाकलं, तब्येत बरी आहे, पाऊस नाही. मला वाटलं, तिचा त्रास वाचला. बहिणीनं नंतर सांगितलं, त्या दिवशी आई कुणाशीच बोलली नाही. फोन आला की तोंड फिरवायला लागली." तो हातातलं घड्याळ उगीच काढून परत घालत होता. "आता मी थांबतो. ती म्हणेल ते म्हणेपर्यंत. कधी कधी एकच वाक्य होतं आमचं."

मी त्याच्याकडं बघितलं. केस तसेच, झोपेतनं उठल्यासारखे. मला पोरगा असता, तर एवढाच असता.

"साहेब," मी म्हटलं, "चहा ठेवतो."

चहा ठेवला. साखर आतनं आणली. मला जरा वेळच लागला, डोळ्यांचं पाणी पुसायचं होतं. जाताना म्हणाला, "फोन एक दिवस द्या मला."

परत आणून दिला तो दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला. ह्या खेपेला जिना एक-एक पायरीनं उतरला. जमिनीकडं बघत म्हणाला, "परत बिघडला हो आबा. जुना झालाय, जास्त काही करता येणार नाही. फक्त बटण तेवढं बदललंय, हे बघा, हा चौकोन दाबायचा."

खोटं बोलायची अक्कल ह्या माणसाला अजिबात नाही. कान लाल झाले होते.

मी चौकोन दाबला. पडदा काळा झाला आणि मधोमध चाक फिरायला लागलं. मी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, परत लावला. टोपी सारखी केली. चाक फिरतंच होतं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की चाक उलटं फिरतंय. आधीचं चाक उजवीकडं जायचं. हे डावीकडं चाललं होतं. हे फोनचं चाक नव्हतं. हे ह्यानं बसून केलं होतं. जो माणूस कंपनीत पगार घेऊन लोकांचं वाट बघणं काढून टाकतो, त्यानं रात्री जागून मला माझं वाट बघणं परत करून दिलं होतं. आणि चाक उलटं बसवलं होतं, येड्यानं.

"बरं," म्हटलं. "जुना हाय. चालायचंच."

मग दार दिसलं. हौसा पदराला हात पुसत आली.

नंतर कळलं, ते चाक रोज सारखा वेळ घेत नाही. कधी लवकर सुटतं, कधी माझी तंबाखू मळून होते तरी फिरत असतं. हे त्याला कुणी सांगितलं होतं? मी तर नाही. पण हौसाचं असंच होतं.

आता आमचा नेम असा झालाय. दिवा लागतो. डोंगर विरघळतो. तो वर गॅलरीत कानाला फोन लावून उभा असतो, मी खाली ओसरीवर फोन मांडीवर घेऊन बसलेला. वर शब्द सापडत नसतो, खाली चाक फिरत असतं. अंगणात धुकं इतकं दाट की एकमेकांना आम्ही दिसत नाही. घाई कुणालाच नसते.

काल वरनं त्याचा आवाज आला, हळूच, पाखरू उडू नये म्हणून बोलावं तसा, "हो आई. आहे मी. सावकाश."

मी चष्मा लावून तयार होतो. आत पेटीचं झाकण वाजल्यासारखं झालं.